काहीच मोडलं नाही, मग डॅमेजेस कसले?

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या एका गाळ्यात मी भाषांतराचं काम करते. खरेदीखतं, भाडेकरार, शाळा सोडल्याचे दाखले, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, रोज काही ना काही येतं. इंग्रजीतलं मराठीत आणि मराठीतलं इंग्रजीत करून द्यायचं. गेल्या पावसाळ्यात एक काका आले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐरोलीला भाड्याने राहत होते. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधली नोटीस काढली, माझ्यासमोर ठेवली आणि एका शब्दावर बोट टेकवलं. त्या शब्दाखाली पेनाने आधीच दोन रेघा ओढलेल्या होत्या.

"मॅडम, हे बघा. डॅमेजेस मागतोय. चौपन्न हजार! अहो, घर सोडताना मी फरशी पुसून दिली. वर्षभरात भिंतीला खिळा ठोकला नाही. मालकाने स्वतः सगळीकडे फिरून बघितलं आणि मग चावी घेतली. काहीच मोडलं नाही, मग डॅमेज झालं कुठून?"

नोटीस वाचली. काकांचं म्हणणं खरं होतं, काहीच मोडलेलं नव्हतं. आणि नोटिशीत काही मोडल्याचा आरोपही नव्हता. घोटाळा होता तो शब्दाच्या शेवटी लागलेल्या एका 'स'चा. इंग्रजी शिकताना आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की शेवटी 'स' लागला की अनेकवचन. बुकचं बुक्स, चेअरचं चेअर्स. तसंच डॅमेजचं डॅमेजेस, म्हणजे एकापेक्षा जास्त ठिकाणी नुकसान. पण इथे तसं नाही. डॅमेज म्हणजे नुकसान. डॅमेजेस म्हणजे त्या नुकसानीपोटी कायद्याने द्यावी लागणारी रक्कम, आपल्या भाषेत नुकसानभरपाई. एक रोग, दुसरं त्याचं औषध, आणि दोघांत फरक फक्त एका अक्षराचा. हे काम करायला लागल्यापासून मी पाहते आहे, कागदोपत्री इंग्रजीत लोकांना सगळ्यात जास्त चकवणारा हाच शब्द आहे. म्हणून जरा मुळापासून सांगते.

नुकसान या अर्थाच्या डॅमेजला इंग्रजीत अनेकवचनच नसतं. पाण्याला जसं आपण 'दोन पाणी, तीन पाणी' म्हणत नाही, तसंच. पुरात घराच्या चार भिंती पडल्या, फ्रिज गेला, गाडी बुडाली, तरी इंग्रजीत ते सगळं मिळून डॅमेजच, एकवचनी. आपल्याकडच्या अर्जांमध्ये मात्र 'पावसामुळे घराला खूप डॅमेजेस झाले' अशा अर्थाची इंग्रजी वाक्यं सर्रास दिसतात. विमा कंपनीचा माणूस त्यातला भाव समजून घेतो, पण कोर्टाच्या कागदात असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही झालेलं नुकसान सांगत नसून पैशांची मागणी करताय. अर्ज इंग्रजीत लिहायचाच असेल तर शेवटचा 'स' गाळा, एवढं तरी करा.

नुकसान आणि त्याची किंमत अशा दोन गोष्टी एकाच शब्दात का अडकल्या, याचं उत्तर शब्दाच्या जन्मातच आहे. डॅमेज इंग्रजीत आला फ्रेंचमधून. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच चालली. कायद्याचे कितीतरी इंग्रजी शब्द त्या काळातले आहेत. डॅमेजही १३०० च्या आसपास इंग्रजीत रुळला. त्यातला शेवटचा 'एज' हा प्रत्यय लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला, व्हिलेज आणि पॅसेजमध्ये आहे तोच. तो काढला की खाली उरतं लॅटिन मूळ, 'डॅम्नम'.

डॅम्नमचा अर्थ तोटा, पदरचं गेलेलं. मोडतोड हा त्याचा पहिला अर्थ नाही. व्युत्पत्तीचे अभ्यासक या शब्दाचं नातं खर्च या कल्पनेशी जोडतात. देवाला वाहिलेल्या भोजनासाठी लॅटिनमध्ये 'डॅप्स' असा शब्द होता आणि ग्रीकमध्ये खर्चाला 'दपाने' म्हणत. डॅम्नम त्याच घरातला मानला जातो. म्हणजे शब्द जन्मला तेव्हाच त्यात पैसा होता, खिशातून जाणारा पैसा. फुटलेली काच, तुटलेला पाय, चेपलेली भिंत हे सगळं नंतर आलं. आजही इंग्रजी बोलणारा माणूस हॉटेलात जेवून उठताना गमतीने विचारतो, 'डॅमेज किती झालं?' त्याला बिल हवं असतं. नकळत तो शब्दाच्या पहिल्या अर्थावरच गेलेला असतो.

रोममध्ये इसवी सनपूर्व २८७ च्या सुमाराचा मानला जाणारा एक कायदा होता, लेक्स अक्विलिया. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं तर काय भरायचं, हे त्यात ठरवून दिलं होतं. कुणी दुसऱ्याचा गुलाम किंवा कळपातलं चारपायी जनावर अन्यायाने मारलं, तर मागच्या वर्षभरातली त्याची सगळ्यात जास्त किंमत मालकाला द्यायची. माणसाला जनावरांच्या पंगतीत बसवणारा तो समाज होता, हे वाचताना दर वेळी टोचतं. इतर नुकसानीसाठी कायद्यात तीन क्रियापदं होती: जाळणं, मोडणं, फाडणं. आणि या सगळ्याला नाव होतं, अन्यायाने केलेलं डॅम्नम. यातला 'अन्यायाने' हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डॅम्नमचं कुटुंब मोठं आहे आणि त्यातले निदान दोघं तुमच्या-माझ्या घरात येऊन बसलेत. पहिला शब्द सिनेमात शिवीसारखा ऐकू येतो तो, डॅम. दोषी ठरवणं, शिक्षा ठोठावणं असा त्याच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ होता. धर्माच्या भाषेत त्याचा झाला 'नरकात जा'. इंग्रजीत लिहिताना त्याच्या शेवटी एक मुका 'न' असतो, तो या जुन्या डॅम्नमचाच. धरण या अर्थाचा डॅम वेगळा, त्याचा इथे काही संबंध नाही. डॅमच्या आधी 'कॉन' लागला की होतो कंडेम, म्हणजे दोषी किंवा निकामी ठरवणं. हाच शब्द रेल्वेच्या यार्डातून आणि एसटीच्या डेपोतून मराठीत उतरला आणि झाला 'कंडम'. कंडम गाडी, कंडम माल, 'ती मोटर कंडम झाली, आता दुसरी बसवा.' आजोबांच्या तोंडचा कंडम आणि वकिलाच्या नोटिशीतला डॅमेज चुलतभाऊ आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर कुणाकुणाला सांगत सुटले होते.

दुसरा शब्द इंडेम्निटी. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हरवलं, बँकेची ठेवपावती सापडत नाही, की लगेच सांगतात, 'स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड करून आणा.' माझ्या टेबलावर असे बाँड आठवड्याला दोन-तीन तरी येतात. लोक सही करतात, पण आपण कसलं वचन देतोय ते बहुतेकांना ठाऊक नसतं. 'इन' म्हणजे नाही आणि पुढे डॅम्नम: ज्याला तोटा नाही असा. बाँडमध्ये तुम्ही सोसायटीला लिहून देता की मला दुसरं सर्टिफिकेट द्या. उद्या मूळ सर्टिफिकेट घेऊन कुणी हक्क सांगायला आला आणि त्यापायी तुम्हाला काही भुर्दंड पडला, तर तो मी भरेन, तुमच्या पदरचं काही जाणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२४ मध्ये याच कराराची व्याख्या आहे. मराठीत त्याला क्षतिपूर्ती बंधपत्र म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण 'तुमचं काही गेलं तर मी भरून देईन' असं सांगितलं की समोरचा माणूस सही करण्याआधी दोन मिनिटं थांबतो. त्याने थांबावं, असंच मला वाटतं.

आता तो 'अन्यायाने'. त्यासाठी रोमन लोकांचा शब्द होता 'इन्युरिया', न्यायाविरुद्ध झालेलं. त्यातून इंग्रजीत आला इंजुरी. आज इंजुरी म्हटलं की आपल्याला क्रिकेटपटूचा गुडघा आठवतो, पण शब्दाच्या पोटात जखम नसून अन्याय आहे. आपल्या कायद्याने तो जुना अर्थ जपला आहे. १८६० च्या दंड संहितेत इंजुरीची जी व्याख्या होती, ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे: कोणाच्याही शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला बेकायदा पोचवलेली कोणतीही हानी. शरीर त्या यादीतलं फक्त एक. मराठी कायद्यात इंजुरीला 'क्षती', शरीराच्या हर्टला 'दुखापत' आणि त्यातल्या गंभीर प्रकाराला 'जबर दुखापत' म्हणतात. हाड किंवा दात मोडला तर ती जबर दुखापत. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तरी जबर दुखापत. जुन्या संहितेत हेच दिवस वीस होते.

तोटा आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा कळलं की कोर्टकचेरीतल्या अर्ध्या गोष्टींचा उलगडा होतो. तोटा होऊ शकतो, पण अन्याय नसतो. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावचा १४१० चा खटला यासाठी आजही विधी महाविद्यालयात शिकवतात. तिथल्या जुन्या शाळेच्या मास्तरांच्या शेजारी दुसऱ्याने नवी शाळा काढली. मुलं तिकडे जायला लागली. आधी एका मुलामागे तिमाहीला ४० पेन्सपर्यंत मिळायचे, ते १२ पेन्सवर आले. मास्तर कोर्टात गेले. निकाल लागला की तोटा झाला हे खरं, पण शाळा काढायचा हक्क दुसऱ्यालाही आहे, त्यामुळे भरपाई नाही. नौपाड्यात एका क्लासच्या समोर दुसरा क्लास निघाला, फी कमी ठेवली आणि निम्मी बॅच तिकडे गेली, तर पहिल्या सरांचं किंवा बाईंचं नुकसान शंभर टक्के होतं. पण दावा लावून हाती काही लागायचं नाही.

उलटही होतं. तोटा शून्य, पण अन्याय झालेला. १७०३ च्या एका खटल्यात ॲशबी नावाच्या मतदाराला अधिकाऱ्याने मत टाकू दिलं नाही. ॲशबीला हवे होते तेच उमेदवार निवडून आले, म्हणजे व्यवहारात त्याचं काहीच बिघडलं नाही. तरी भरपाई त्याच्या बाजूने लागली, कारण त्याचा हक्क तुडवला गेला होता. मला हा खटला फार जवळचा वाटतो. 'तुझं काय गेलं मग?' असं आपल्याकडे किती सहज विचारतात. काही गेलं नाही तरी माणसाला लागू शकतं, हे कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी निकालात लिहून ठेवलं आहे.

बाकीचे शब्द थोडक्यात. हार्म हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. आधी त्याचा अर्थ दुःख असाही होता, आणि जर्मनमध्ये तो आजही दुःखाच्याच अर्थाने आहे. हर्ट फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ धडकणं, ढुशी मारणं. लॉस म्हणजे हरवणं. आणि माणसाला डॅमेज झालं असं चांगल्या इंग्रजीत म्हणत नाहीत. माणसाला इंजुरी होते, वस्तूला डॅमेज. मेंदू, यकृत, फुप्फुस अशा अवयवांना मात्र डॅमेज चालतं, जणू माणसातली वस्तूच बिघडली.

आपल्याकडे नुकसान हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, कमी होणं या अर्थाच्या मूळापासून. हानी संस्कृतातली, सोडून जाणं या अर्थाच्या धातूची. इजाही अरबीच. अब्रू फारसीतली: 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी उतरलं की अब्रूनुकसानी. पण हे सगळे मोठे, छत्रीसारखे शब्द. मराठीची खरी श्रीमंती त्यांच्या खाली आहे आणि भाषांतर करताना ती मला रोज लागते.

इंग्रजीत फर्निचर, कपडा, फळ, भिंत, सगळं डॅमेज होतं. मराठीत कपाचा टवका उडतो, काच तडकते, पातेल्याला पोचा येतो, कपाटावर चरा उमटतो, भिंत ओल धरते आणि मग तिचे पोपडे सुटतात, लाकडाला वाळवी लागते, लोखंड गंजतं, दूध नासतं, धान्याला कीड लागते, शिवण उसवते आणि जुनं लुगडं विरतं. वाशीच्या एपीएमसी मार्केटात आंब्याच्या पेट्या उघडताना ऐका. 'डागी' वेगळे काढले जातात. आणि बाहेरून सोन्यासारखा दिसणारा हापूस कापल्यावर आत पांढरट, दडस गर निघाला की एकच शब्द: साका. डागी आणि साका यांत व्यापाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. डाग डोळ्यांना दिसतो, साका सुरीला. इंग्रजी कागदात दोन्ही पेट्यांवर डॅमेज्ड एवढाच शिक्का पडेल.

माझं माहेर बदलापूरचं. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं. नंतर तलाठी पंचनाम्याला आले. आईने तो कागद जपून ठेवला होता. मागच्या वर्षी कपाट आवरताना सापडला. त्यात लिहिलंय: मागची भिंत खचली, ओटीची जमीन उखडली, तांदूळ भिजून कुजला, दोन हंडे वाहून गेले, शिलाई मशीन गाळात रुतून जाम. खाली, 'घराची अंशतः पडझड.' एवढं वाचलं तरी ते घर डोळ्यांसमोर उभं राहतं. माझ्याकडे येणाऱ्या छापील इंग्रजी फॉर्ममध्ये याच मजकुराला एक चौकोन असतो, त्यावर डॅमेज आणि पुढे टिंबं. म्हणून मी अर्जदारांना सांगते, त्या टिंबांवर फक्त 'हेवी डॅमेज' लिहू नका. काय, कुठे, किती ते लिहा. भिंत पडली, खचली की ओलावली, यावर पुढचा हिशेब ठरतो.

भाडेकराराच्या बाबतीत तर मराठीतला एक शब्द लाखमोलाचा आहे: झीज. बहुतेक लिव्ह अँड लायसन्स करारांत एक वाक्य असतं की जागा होती तशी परत करायची, नेहमीच्या 'वेअर अँड टेअर'खेरीज. वेअर अँड टेअर म्हणजे झीज. वर्षभर राहिलं की रंग थोडा फिका पडणार, दाराची कडी सैल होणार, फरशीवर चालण्याच्या वाटेवर चमक कमी होणार. ही झीज, तिचे पैसे भाड्यातच आले. ओट्याची कडा वरवंटा पडून फुटली, तर ते नुकसान. डिपॉझिटवरून नवी मुंबईत जेवढी भांडणं होतात त्यातली निम्मी, माझ्या टेबलावरून बघता, झीज आणि नुकसान यांची सरमिसळ केल्यामुळे होतात. घर ताब्यात घेताना आणि सोडताना फोटो काढून ठेवले की बरीच भांडणं सुरूच होत नाहीत.

किती भरपाई मागता येते, यालाही हद्द आहे. १८५४ चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा खटला, तोही योगायोगाने ग्लॉस्टरचाच. गिरणीचा दांडा तुटला. नमुन्यासाठी तो वाहतूकदारामार्फत कारागिराकडे पाठवला. वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. मालकाने बंद दिवसांचा नफा मागितला. मिळाला नाही, कारण दुसरा दांडा नाही आणि उशीर झाला तर गिरणी बंद पडेल, हे वाहतूकदाराला कुणी सांगितलंच नव्हतं, असं कोर्टाने धरलं. आपल्या करार कायद्याचं कलम ७३ याच विचारावर उभं आहे: ओघाने होणारं नुकसान, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक होतं असं नुकसान भरून मिळतं, लांबचं, आडवळणाचं नाही. कोपरखैरण्यातला टेलर मशीन दुरुस्तीला देताना म्हणाला की 'परवा लग्नाची ऑर्डर आहे, त्याच्या आत द्या', तर त्या एका वाक्याला पुढे वजन येतं. तेही लेखी असेल तर आणखी. आणि नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही स्वतः काय करू शकत होतात, हेही त्याच कलमाखाली पाहिलं जातं. गळका नळ बघत बसायचं आणि मग भिजलेल्या गाद्यांचे पैसे मागायचे, असं चालत नाही.

गाडीच्या विम्यात आणखी एक जोडी आहे, ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी. ओन डॅमेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे तिसऱ्याचं झालेलं, आणि तो विमा मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे. 'गाडीचा इन्शुरन्स आहे' म्हणणाऱ्या कितीतरी जणांकडे फक्त थर्ड पार्टी असतो. घोडबंदर रोडला दुभाजकाला घासून बंपर निखळल्यावर त्यांना हा फरक कळतो.

न्हावाशेवा बंदराशी संबंधित कागद आले की एक शब्द मी हमखास दुरुस्त करते. क्लिअरिंगची कामं करणारी मुलं 'डॅमरेज लागलं' म्हणतात आणि कधीकधी लिहितातही तसंच. शब्द आहे डेमरेज. त्याचा डॅमेजशी काही संबंध नाही; रेंगाळणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो आलाय. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त वेळ जहाज, वॅगन किंवा कंटेनर अडकवून ठेवला की लागणारा आकार. मालाला ओरखडाही नसताना डेमरेज लागू शकतं. कानाला सारखा वाटतो म्हणून लोक दोन्ही एकच धरतात आणि मग विमा कंपनीला पाठवायचं पत्र शिपिंग कंपनीला जातं.

वर्तमानपत्रांत रोज दिसणारा शब्द म्हणजे डॅमेज कंट्रोल. मूळचा नौदलाचा. युद्धनौकेला तोफगोळा लागला, पाणी आत यायला लागलं, की झटपट दारं बंद करायची, आग विझवायची, पाणी उपसायचं आणि जहाज तरंगतं ठेवायचं, या कामाला ते नाव. जीव पणाला लावून करायचं काम. पुढे पुढाऱ्याची जीभ घसरली की पक्षाचे प्रवक्ते जे करतात त्याला तेच नाव मिळालं. त्यासाठी आपल्याकडे आधीपासून नेमका शब्द आहे, सारवासारव. शेणाने सारवलं की खालचे खड्डे दिसत नाहीत. मराठी बातमीत सारवासारवच लिहावं आणि डॅमेज कंट्रोल जहाजावरच्या माणसांसाठी ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक शब्द असा, ज्याचं भाषांतर करताना हात थांबतो. कोलॅटरल डॅमेज. कोलॅटरल म्हणजे बाजूचं. लक्ष्यावर बॉम्ब टाकताना आजूबाजूला जे नष्ट झालं ते. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्यांतून हा शब्द जगभर गेला. त्या 'आजूबाजूला' घरं असतात, दवाखाने असतात, रांगेत उभी असलेली माणसं असतात. वर म्हटलं तसं इंग्रजीत माणसाला डॅमेज होत नाही, वस्तूला होतं. इथे मेलेली माणसं एका झटक्यात वस्तूंच्या रकान्यात गेली. जर्मनीत दर वर्षी एक निषेधार्ह शब्द निवडतात. १९९९ मध्ये, कोसोव्होच्या युद्धाच्या वर्षी, याच शब्दाचा जर्मन अवतार निवडला गेला. मराठीत 'आनुषंगिक हानी' असा प्रतिशब्द वापरतात. तो मी कधीही लिहीत नाही. आपल्या आयाबायांची 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण त्यापेक्षा कितीतरी खरी आहे, कारण तिच्यात निदान जळणारं ओलं लाकूड दिसतं. शक्य असेल तिथे मी सरळ लिहिते: 'हल्ल्यात सामान्य नागरिक मारले गेले.'

तर काकांची नोटीस. त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला होता. ठाण्यातल्या नव्या घराचा ताबा लांबला म्हणून ते ऐरोलीच्या घरात दीड महिना जास्त राहिले. मालकाला फोनवर सांगितलं होतं, लेखी काहीच नव्हतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये आहे की लायसन्सची मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर करारात ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने डॅमेजेस द्यावे लागतात. महिन्याला अठरा हजार ठरले होते. दुप्पट छत्तीस, दीड महिन्याचे चौपन्न.

"म्हणजे भिंतीचा प्रश्नच नाही?" काकांनी विचारलं.

"नाही. तुम्ही दीड महिना जास्त राहिलात, तेवढे दिवस मालकाला स्वतःची जागा मिळाली नाही, तेच त्याचं नुकसान, असं कायदा धरतो. त्याची ही भरपाई मागितलीय."

"पण त्या दीड महिन्याचं भाडं मी दिलंय. गुगल पेवर आहे."

"ते वकिलांना आधी दाखवा. फोनवरचं बोलणंही सांगा. मी फक्त शब्द सांगू शकते."

त्यांनी मोबाइल काढून दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढले, मला दाखवले, तारखा मोठ्याने वाचल्या. मी भाषांतर टाइप केलं: 'मुदत संपल्यानंतर जागा ताब्यात ठेवल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई.' काकांनी ते दोनदा वाचलं. मग माझं पेन मागितलं, आणि नोटिशीच्या झेरॉक्सवर, त्या दोन रेघांच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं, 'भरपाई. मोडतोड नाही.' फोल्डर पिशवीत घातलं, छत्री उघडली आणि समोरच्या गल्लीत वकिलांकडे गेले.